पेटीतले बाळ आणि काचेबाहेरची आई

लोहारा म्हटले की राज्यातील बहुतेकांना धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आठवते. यवतमाळ जिल्ह्यातील लोहारा वेगळे. यवतमाळ शहराच्या वेशीला चिकटलेले, औद्योगिक वसाहतीमुळे जिल्ह्याला ठाऊक असलेले, धड गावही नाही आणि पुरते शहरही नाही असे हे ठिकाण. येथून यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय अवघ्या काही किलोमीटरवर आहे. लोहाऱ्यातील एखाद्या बाईला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, तर साध्या ऑटोरिक्षानेही ती अर्ध्या तासात बालरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयाच्या दारात पोहोचू शकते. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, झरी-जामणी तालुक्यातील एखाद्या कोलाम पोडावरच्या बाईवर हीच वेळ आली, तर तिला यवतमाळ गाठण्यासाठी शंभर किलोमीटरच्या घरातला प्रवास करावा लागतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांविषयीची सार्वजनिक चर्चा बहुधा या अंतरापाशीच घोटाळत राहते. रुग्णालय जवळ आणा, यंत्रे बसवा, रुग्णवाहिका द्या, म्हणजे बाळे वाचतील, असा तिचा सूर असतो. गेल्या दीड-दोन दशकांत महाराष्ट्राने हे बऱ्याच प्रमाणात केलेही आहे आणि त्याचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. मात्र नाशिक, भंडारा आणि नांदेड येथे गेल्या काही वर्षांत ज्या घटनांनी राज्य हादरले, त्या दुर्गम पाड्यांवर घडलेल्या नव्हत्या. त्या जिल्ह्याच्या ठिकाणी, मोठ्या सरकारी रुग्णालयांत, बाळ दाखल झाल्यानंतर घडल्या. लोहाऱ्याच्या बाईचा प्रश्न रुग्णालयाच्या दारात सुटत नाही, तर एका अर्थाने तेथे तो सुरू होतो, हे या घटनांवरून ध्यानात यावे.

दिवस भरण्याआधी

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानले जाते. जन्माच्या वेळी अडीच किलोपेक्षा कमी वजन असेल तर ते कमी वजनाचे, दीड किलोच्या आत असेल तर अत्यंत कमी वजनाचे. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, पण आठव्या महिन्यातले जगत नाही, अशी समजूत आजही अनेक घरांतून ऐकू येते. वैद्यकशास्त्राला ती मान्य नाही. गर्भाशयात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाची फुप्फुसे, मेंदू आणि आतडी अधिक पक्व करतो. त्यामुळे आठव्या महिन्यातील बाळाची जगण्याची शक्यता सातव्यातील बाळापेक्षा नेहमीच अधिक असते.

या बाळांना नेमके काय कमी पडते, हे समजून घेतले पाहिजे. त्यांच्या त्वचेखाली चरबी नसते, म्हणून ती क्षणात गार पडतात. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास जमतो. तोवर त्यांना नळीने किंवा वाटी-चमच्याने आईचे दूध द्यावे लागते. फुप्फुसातील वायुकोश उघडे ठेवणारा स्निग्ध द्रव पुरेसा तयार झालेला नसतो आणि प्रत्येक श्वासागणिक बाळ दमते. रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ नसतेच, त्यामुळे एखाद्याच्या न धुतलेल्या हाताने दिलेला जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणजेच ऊब, दूध, श्वास आणि स्वच्छता या चार गोष्टींचा हा प्रश्न आहे. त्यांपैकी श्वासाला यंत्राची गरज अनेकदा लागते. उरलेल्या तिन्ही गोष्टी मुख्यतः माणसांवर अवलंबून असतात.

वैद्यकशास्त्राने या बाबतीत किती मजल मारली आहे, याचे एक उदाहरण बोलके आहे. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. त्याचे वजन दोन किलोंहून थोडे अधिक होते. जगातील सर्वांत सामर्थ्यवान माणसाच्या या मुलाला अपक्व फुप्फुसांमुळे श्वास घेता येईना आणि ३९ तासांत त्याचा मृत्यू झाला. आज तेवढ्याच दिवसांचे आणि तेवढ्याच वजनाचे बाळ भारतातील नीट चाललेल्या जिल्हा रुग्णालयातूनही सुखरूप घरी जाते. ज्ञान आहे, औषधे आहेत, यंत्रेही आहेत. तरीही बाळे दगावत असतील, तर ते ज्ञान बाळापर्यंत वेळेवर आणि अखंडपणे पोहोचते का, हे तपासणे भाग आहे.

प्रश्नाचा आवाका लहान नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतात. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्राचा बालमृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे १६ होता आणि त्यातील ११ मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील होते. देशाचा नवजात मृत्युदर त्या वर्षी २० होता. देशाशी तुलना केली तर महाराष्ट्राची कामगिरी समाधानाची म्हणता येईल. परंतु केरळचा नवजात मृत्युदर त्याच वर्षी ४ होता. वर्षभर वयाच्या आत दगावणाऱ्या सोळांपैकी अकरा बालके पहिल्या महिन्यातच जात असतील, तर यापुढची लढाई याच महिन्यात लढावी लागणार, हे उघड आहे. लसीकरण आणि अतिसारावरील उपाय यांनी मोठ्या बालकांना वाचवले. नवजात बाळाला वाचवणे अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण तेथे एखादी लस किंवा एखादी पुडी पुरत नाही.

जन्माआधीच्या कड्या

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची काळजी काचेच्या पेटीपासून सुरू होत नाही. आईचे रक्तक्षय, कमी वजन, लहान वय, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर, वाढलेला रक्तदाब, मूत्रमार्गाचा किंवा गर्भाशयाचा संसर्ग, जुळे गर्भ ही दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची काही ज्ञात कारणे आहेत. अनेकदा कोणतेच कारण सापडत नाही. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात शेतमजूर बाई पोटुशी असतानाही वेचणीला जाते, पाणी वाहते आणि जेवायला सर्वांत शेवटी बसते. तिच्या रक्तातील हिमोग्लोबिनची नोंद माता-बालसंरक्षण कार्डावर होते. पण ती नोंद पाहून पुढे काही घडले का, याची नोंद कोठे होत नाही.

प्रतिबंधाच्या दिशेने विदर्भाने जगाला काही दिलेही आहे. पहिलटकरणींना कमी मात्रेतील ॲस्पिरिन दिल्यास अपुऱ्या दिवसांची प्रसूती टळते का, याचा अभ्यास सहा देशांत करण्यात आला. त्यात भारतातील नागपूर आणि बेळगाव ही दोन केंद्रे होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार अशा प्रसूतींचे प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आले. घट मोठी नसली तरी गोळीची किंमत पाहता ती दुर्लक्ष करण्याजोगीही नाही.

कळा वेळेआधी सुरू झाल्याच, तर आईला देण्याचे एक इंजेक्शन बाळाची फुप्फुसे लवकर पक्व करते. न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ मध्ये स्टिरॉइडचा हा उपयोग सिद्ध केला. औषध स्वस्त आहे, सरकारी औषध भांडारात असते. २०१४ मध्ये केंद्र सरकारने अशा मातेला पुढे पाठवण्याआधी पहिली मात्रा देण्याची मुभा उपकेंद्रातील परिचारिकेलाही दिली. येथवर सारे सरळ वाटते. पण या औषधाची पुढची कहाणी उद्बोधक आहे. गावपातळीवर हे इंजेक्शन सर्रास पोहोचवण्याचा प्रयोग सहा देशांत करण्यात आला. त्यातही नागपूर व बेळगावचा समावेश होता. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा अत्यंत लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नसल्याचे आणि एकूण नवजात मृत्यू उलट किंचित वाढल्याचे दिसले. त्यानंतर पाच वर्षांनी भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात मात्र त्याच औषधाने मृत्यू कमी केले. या रुग्णालयांत गर्भाचे आठवडे सोनोग्राफीने नीट मोजलेले होते आणि जन्मानंतर बाळाच्या काळजीची व्यवस्था होती.

औषध एकच होते, फरक सभोवतालच्या व्यवस्थेत होता. साखळीतील एकच कडी मजबूत करून बाकीच्या कच्च्या ठेवल्या, तर लाभ तर होत नाहीच, क्वचित अपायही होतो. नियोजनकर्त्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा हा धडा आहे.

यंत्रे आली, माणसांचे काय?

जिल्हा पातळीवर नवजात बाळांसाठी विशेष काळजी कक्ष असावा, ही कल्पना भारतात प्रथम २००३ मध्ये पश्चिम बंगालमधील पुरुलिया या मागास जिल्ह्यात प्रत्यक्षात आली. तेथील यशानंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली. आज जिल्हा रुग्णालयात विशेष नवजात काळजी कक्ष, त्याखालच्या रुग्णालयांत नवजात स्थिरीकरण कक्ष आणि प्रसूती होणाऱ्या प्रत्येक केंद्रात नवजात काळजी कोपरा अशी तीन पायऱ्यांची रचना आहे. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार, औषधे, तपासण्या आणि वाहतूक मोफत मिळू लागली. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. ज्या कुटुंबाला खासगी रुग्णालयातील काचेच्या पेटीचे एका दिवसाचे भाडेही परवडले नसते, त्याच्यासाठी हा बदल क्रांतिकारकच होता.

परंतु कक्ष उघडला की गर्दीही येते. ऑगस्ट २०१७ मध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील विशेष कक्षात एका महिन्यात ५५ बाळे दगावल्याचे उघड झाले. एका बाळासाठी असलेल्या वॉर्मरवर अनेक बाळे ठेवावी लागत असल्याची कबुली तेव्हा देण्यात आली. त्यातील अनेक बाळे अन्य ठिकाणांहून अत्यवस्थ स्थितीत आली होती, हेही खरे. पण उबेसाठी शेजारी शेजारी निजवलेली बाळे एकमेकांना संसर्ग देतात, आणि त्यासाठी कोणत्याही तज्ज्ञ समितीची गरज नव्हती.

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या विशेष नवजात कक्षाला आग लागली. कक्षात १७ बाळे होती. सात बाळांना बाहेर काढता आले, दहा दगावली. काही होरपळून, बहुतेक धुराने गुदमरून. विजेच्या यंत्रणेतील बिघाड आणि अग्निसुरक्षेतील उणिवा पुढे आल्या. अधिकाऱ्यांच्या निलंबनाबरोबरच परिचारिकांवरही कारवाई झाली. राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. अशा कक्षाची रचना पाहिली तर धोका किती निकट असतो ते कळते. बंद खोली, चोवीस तास तापणारे वॉर्मर, अखंड चालणारी वातानुकूलन यंत्रणा, वाहता प्राणवायू आणि स्वतःहून कुशीही बदलू न शकणारे रुग्ण. तेथे आगीपासून रक्षण ही इमारत विभागाची फाईल नसून उपचाराचाच भाग मानला पाहिजे. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री उत्तर प्रदेशातील झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नवजात कक्षाला आग लागून पुन्हा दहा बाळे दगावली, तेव्हा भंडाऱ्याचा धडा देशाने घेतला नव्हता, हेच दिसून आले.

नांदेडची घटना आणखी वेगळी. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तेथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांपैकी १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा, रिक्त पदे आणि बाहेरून शेवटच्या क्षणी आलेले रुग्ण यांवर बरीच चर्चा झाली. यवतमाळ जिल्ह्याचा या घटनेशी थेट संबंध आहे. उमरखेडकडील रुग्णाला यवतमाळपेक्षा नांदेड जवळ पडते. जिल्ह्यांच्या सीमा महसूल खात्यासाठी असतात. अडलेली बाई आणि धाप लागलेले बाळ जवळच्या मोठ्या रुग्णालयाकडे धाव घेतात, आणि त्या रुग्णालयाच्या खाटा, पदे व औषधे मात्र कागदावरील मंजुरीनुसारच येतात.

या तिन्ही घटनांतील समान धागा यंत्रांचा अभाव हा नाही. यंत्रे होती. अपुरी होती ती माणसे, देखभाल आणि रुग्ण पुढे पाठवण्याची शिस्त. विशेष कक्षात प्रत्येक पाळीत साधारण तीन-चार बाळांमागे एक प्रशिक्षित परिचारिका असावी, अशी अपेक्षा केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. दर दोन-तीन तासांनी दूध, दर तासाला श्वास व तापमानाची नोंद, सलाइनचे थेंब मोजणे, प्रत्येक बाळाला हात लावण्याआधी हात धुणे, हे सारे एका परिचारिकेने दहा बाळांसाठी करायचे ठरवले, तर काय काय सुटते याची कल्पना करता येते. त्यातही अनेक परिचारिका कंत्राटी असतात. वर्षभराच्या अनुभवाने ज्या हातांना या नाजूक देहाची शीर सापडू लागते, तेच हात कंत्राट संपल्यावर किंवा बदली झाल्यावर निघून जातात. यंत्राच्या खरेदीचे उद्घाटन होते, त्याची छायाचित्रे छापून येतात. भरलेल्या पदाचे उद्घाटन कोणी करत नाही. अर्थसंकल्पातील प्राधान्यक्रम ठरताना या साध्या गोष्टीचा वाटा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आईला आत घ्या

माणसांची ही टंचाई असताना बाळाची काळजी घेण्यास सर्वाधिक उत्सुक असलेली व्यक्ती मात्र वर्षानुवर्षे कक्षाच्या दाराबाहेर बसवून ठेवली गेली. ती म्हणजे बाळाची आई. 'बाळ पेटीत ठेवले आहे' असे घरच्यांना सांगितले जाते आणि आई काचेतून पाहत राहते. ओली बाळंतीण, टाके ताजे, दूध दाटून आलेले, आणि बाळाला हात लावण्याची मुभा नाही, हे दृश्य राज्यातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयात दिसत असे आणि अनेक ठिकाणी आजही दिसते. संसर्ग टाळणे हा त्यामागचा हेतू. पण हा हेतूच आता वैद्यकीय कसोटीवर टिकलेला नाही.

मुंबईने याची जाणीव फार आधी करून दिली होती. शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी नवजात विभागात आईच्या दुधाचा आग्रह धरला आणि १९८९ मध्ये तेथे आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी राहिली. ज्या आईला दूध येत नाही किंवा जी स्वतः अत्यवस्थ आहे, तिच्या बाळाला दुसऱ्या आईचे दूध मिळू लागले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आतडी वरच्या दुधाने सडण्याचा जो धोका असतो, तो आईच्या दुधाने कमी होतो. त्यामुळे ही पेढी केवळ भावनेचा विषय नव्हती, तो उपचार होता.

दुसरा धडा कोलंबिया या दक्षिण अमेरिकेतील देशातून आला. तेथील बोगोटा शहरातील रुग्णालयात १९७० च्या दशकाच्या अखेरीस पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, म्हणून डॉक्टरांनी लहानग्या बाळांना आईच्या छातीशी उघड्या त्वचेला त्वचा लावून बांधून ठेवण्यास सुरुवात केली. कांगारूवरून तिला कांगारू मातृसंगोपन असे नाव पडले. नाइलाजातून सुरू झालेली ही पद्धत पेटीपेक्षा कमी प्रतीची असेल, असे पुढे कित्येक वर्षे मानले गेले. बाळ आधी यंत्रावर स्थिर व्हावे आणि मग आईकडे द्यावे, असा दंडक पडला. परंतु सर्वाधिक मृत्यू तर बाळ स्थिर होण्याआधीच्या तासांत होतात.

हा दंडक तपासून पाहणारा मोठा अभ्यास दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय आणि आफ्रिकेतील चार देशांतील रुग्णालये यांनी मिळून केला. एक किलो ते १.८ किलोच्या आतील तीन हजारांवर बाळांची त्यात नोंद झाली. एका गटातील बाळांना जन्मानंतर लगेचच, श्वासाचे यंत्र लागले तरी, आईच्या किंवा घरातील दुसऱ्या स्त्रीच्या छातीशी ठेवले. दुसऱ्या गटाला रूढ पद्धतीने आधी स्थिर केले. २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण दुसऱ्या गटात १५.७ टक्के, तर पहिल्या गटात १२ टक्के आढळले. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या वेळेआधी थांबवावा लागला. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस बदलली. बाळ आणि आई यांना वेगळे न करता दोघांची खाट एकाच कक्षात ठेवणारे माता-नवजात कक्ष आता केंद्र सरकारच्या धोरणातही आले आहेत.

धोरण आले तरी त्याची किंमत कोण देणार, हा प्रश्न उरतो. आईला चोवीस तास आत ठेवायचे तर तिला खाट हवी, नुसता स्टूल नव्हे. तिला जेवण हवे, स्वच्छतागृह हवे, बाळंतपणाचे तिचे स्वतःचे उपचार त्याच खोलीत हवेत. लोहाऱ्यातील जी बाई रोजंदारीवर काम करते, जिचे मोठे मूल घरी आहे, ती महिनाभर रुग्णालयात कशी राहणार? नवऱ्याची मजुरी बुडते, सासू थकलेली असते, कर्ज वाढते. मग बाळ दीड किलोचे असतानाच 'आमच्या जबाबदारीवर नेतो' असे लिहून देऊन कुटुंब निघून जाते. अशा सहीकडे अडाणीपणा म्हणून पाहण्याची सवय व्यवस्थेला लागली आहे. बुडालेल्या मजुरीचा हिशेब मात्र ती मांडत नाही. संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. असंघटित क्षेत्रातील आईसाठी बाळाच्या खाटेशेजारी बसण्याची मुभा हीच मोठी चैन ठरते.

घरी गेल्यावर

समजा, सारे नीट झाले. लोहाऱ्याचे ते बाळ दूध ओढू लागले, वजन वाढले आणि घरी गेले. रुग्णालयाच्या नोंदवहीत ते 'बरे होऊन गेले' या रकान्यात जमा होते. बाळासाठी मात्र धोक्याचा काळ संपलेला नसतो. घरातील गारवा, धूर, पाहुण्यांची रीघ, आणि पुन्हा मंद झालेले चोखणे, यांतून ते काही तासांत अत्यवस्थ होऊ शकते.

यवतमाळपासून फार दूर नसलेल्या गडचिरोलीत याच टप्प्यावर जगाला मार्ग दाखवणारे काम झाले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत, थोडेफार शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. बाळाला उबदार झबल्यात-पिशवीत ठेवणे, दूध पाजण्यास मदत करणे, श्वास अडल्यास पिशवी-मास्कने श्वास देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून औषध सुरू करणे एवढी त्यांची कामे. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष आले, तेव्हा नवजात मृत्युदर साठीच्या पुढून पंचविशीपर्यंत उतरल्याचे दिसले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी पूर्वी तिघांतील एक दगावत असे. ते प्रमाण सुमारे दहांतील एकावर आले. काचेची पेटी नसताना, घराच्या पडवीत.

पुढे या प्रारूपावरूनच आशा कार्यकर्तीच्या नवजात गृहभेटी देशभर सुरू झाल्या. रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर बेचाळीस दिवसांत सहा भेटी. योजना उत्तम. पण आशांच्या अंगावर आज सर्वेक्षणांपासून विविध नोंदणी मोहिमांपर्यंत इतकी कामे आहेत की गृहभेट ही वजनकाटा घेऊन बाळाशेजारी बसण्याची गोष्ट न राहता फॉर्म भरण्याची गोष्ट होण्याचा धोका आहे. शिवाय जिल्ह्याच्या कक्षातून सुटी मिळालेल्या बाळाची बातमी गावातील आशेला त्याच दिवशी कळते का, यावर त्या भेटीचे मोल ठरते. लोहाऱ्यासारख्या ना धड गाव ना धड शहर अशा वस्तीत हा धागा तुटण्याची शक्यता अधिक. तेथे भाड्याच्या खोल्यांतून राहणारी कुटुंबे कामानुसार बदलतात आणि बाळंतपणानंतर बाई माहेरी निघून जाते.

आणखी एक तपासणी याच काळात निसटते, आणि तिची किंमत आयुष्यभराची असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यातील पडद्याच्या रक्तवाहिन्या विकृत वाढून अंधत्व येऊ शकते. प्राणवायू बेहिशेबी दिल्याने हा धोका वाढतो. दोन किलोच्या आतील किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचा पडदा चौथ्या आठवड्याच्या आसपास तपासला, तर लेझरसारख्या उपचाराने दृष्टी वाचते. अतिलहान बाळांना ही तपासणी त्याहूनही आधी लागते. चेन्नईत १९९६ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या जन्मलेल्या एका मुलीची ही तपासणी झाली नाही आणि तिची दृष्टी गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तिला सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई दिली. डोळे तपासून घ्या, हे पालकांना सांगणे रुग्णालयाचे कर्तव्य आहे, हा त्या निकालाचा अर्थ प्रत्येक नवजात कक्षाच्या सुटीच्या कागदावर ठळक अक्षरांत उतरला पाहिजे. जे बाळ वाचवण्यासाठी सरकारने लाखो रुपये खर्च केले, ते एका न झालेल्या तपासणीमुळे अंध होणे हे कोणत्याही हिशेबात बसणारे नाही.

कशाची मोजदाद व्हावी

२०१४ च्या राष्ट्रीय नवजात कृती आराखड्याने २०३० पर्यंत नवजात मृत्युदर एक अंकी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. महाराष्ट्र त्याच्या उंबरठ्यावर उभा आहे. हा उंबरठा ओलांडण्यासाठी आणखी काही वॉर्मर आणि आणखी काही उद्घाटने पुरणार नाहीत. प्रत्येक कक्षात पाळीनिहाय किती बाळांमागे किती परिचारिका होत्या, बाहेरून आलेल्या किती बाळांचे अंग पोहोचताना गार होते, किती आयांना पहिल्याच दिवशी बाळ छातीशी घेता आले, किती कुटुंबे मजुरी बुडते म्हणून बाळाला लवकर घेऊन गेली, सुटी झालेल्या किती बाळांचे डोळे वेळेत तपासले गेले आणि शेवटची अग्निसुरक्षा तपासणी कधी झाली, हे आकडे जिल्हावार आणि दरमहा जाहीर झाले पाहिजेत. बाळ दगावल्यावर समिती नेमण्यापेक्षा हे आकडे आधी पाहणे स्वस्त आणि माणुसकीचे आहे.

यातील बहुतेक गोष्टींना नवे संशोधन लागत नाही. गडचिरोलीच्या पडवीत, शीवच्या दुग्धपेढीत आणि सफदरजंगच्या कक्षात त्या सिद्ध झालेल्या आहेत. लोहाऱ्याची बाई रुग्णालयापासून अर्ध्या तासावर राहते, हे तिचे नशीब. तिच्या बाळाला आत घेतल्यावर दार तिच्यासाठीही उघडे राहते की नाही, त्या रात्रीच्या पाळीला पुरेसे हात असतात की नाही, आणि महिनाभराने तिच्या खोलीचे दार कोणी ठोठावते की नाही, हे मात्र नशिबावर सोडण्याचे कारण नाही. झरी-जामणीच्या पोडावरील बाईसाठी तर हेच प्रश्न शंभर किलोमीटरने अधिक कठीण आहेत. जवळच्या बाळाला जी व्यवस्था नीट सांभाळू शकत नाही, ती दूरच्या बाळापर्यंत पोहोचेल, अशी आशा कशी धरावी?